बारक्याचा कम्प्युटर आणि सव्वाअकरा क्विंटल सोयाबीन

साखरखेर्ड्यात कुणाच्या घरी काय येणार, हे त्या घरच्या माणसांआधी शेजाऱ्यांना ठाऊक असतं. शेजारच्या काकूंकडे कम्प्युटर येणार ही बातमी मला आधी किराणा दुकानात कळली, मग कटिंगच्या दुकानात कळली, आणि काकूंनी वॉल कंपाउंडवरून ती स्वतः सांगितली तोवर गल्लीने त्याची किंमतही ठरवून टाकली होती. कुणी पंधरा हजार म्हणत होतं, कुणी दीड लाख. गंमत अशी की दोघंही बरोबर होते. गेमिंगचा कम्प्युटर पंधरा हजारांनाही मिळतो आणि दीड लाखांनाही. फक्त पंधरा हजारवाल्यात गेमिंग नसतं.

२०२६ च्या जानेवारीचं कोवळं ऊन, भिंतीपलीकडे काकू हरभऱ्याची भाजी खुडत बसलेल्या. आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी आहे. बांधणाऱ्याने ती बोलण्यासाठीच बांधली असावी.

"मास्तर, तुमी तं कम्प्युटरचा क्लास चालवला. अर्ध्या गावाची पोरं एमएस-सीआयटीले तुमच्या हातून गेली. मंग मले सांगा, साठ हजारांचा कम्प्युटर असते का कुठं?"

"असतो की. सहा लाखांचाही असतो."

"सहा लाखांचं नका सांगू. आमच्या वावरात सोयाबीन निंघते, सोनं नाई निंघत." काकूंनी लगेच बोटांवर हिशेब मांडला. "यंदाचा हमीभाव ५,३२८. साठ हजार म्हंजे सव्वाअकरा क्विंटल झालं. आन तेबी हमीभाव पदरात पडला तं."

"तिले म्हना, अडतीचा भाव धर. चौदाच्या वर जाते," घरातून काकांचा आवाज आला. काका एरवी कुणाला ओ देत नाहीत, पण सोयाबीनचा विषय निघाला की त्यांना तीन घरं पलीकडचंही ऐकू येतं.

एवढ्यात बारक्या मोबाइल घेऊन भिंतीशी आला. हा काकूंचा धाकटा. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने पबजी बंद केला तेव्हा या पोराने जेवण सोडलं होतं, त्याची आठवण गल्लीला अजून आहे. आता मिसरूड फुटलंय, त्यामुळे हट्टाला 'करिअर' म्हणतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पैसे फेडीन, असा त्याचा आईशी करार झालेला. त्याने मला एक रील दाखवली. मागे लाल-निळे दिवे, पुढे एक उत्साही माणूस, आणि एका दमात: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, मॉनिटर, रंगीत कीबोर्ड, माउस, स्पीकर, वायफाय फुकट, सगळं मिळून २१,९९९.

"पाह्यलं?" काकू म्हणाल्या. "बावीस हजारांत सगळा संसार येते. मंग हा साठ काहून मांगून राह्यला?"

मी विचारलं, "कोणता आय-सेव्हन?"

बारक्या म्हणाला, "आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन."

इथेच सगळी मेख आहे. आय-सेव्हन हे नुसतं आडनाव झालं. माणूस कोण ते त्यापुढच्या आकड्यावरून कळतं. आय-सेव्हन २६०० असेल तर ती दुसरी पिढी, २०११ सालचा माल. आय-फाईव्ह १२४०० असेल तर बारावी पिढी, २०२२ ची. आणि हा धाकटा आय-फाईव्ह त्या थोरल्या आय-सेव्हनला कुठल्याही कामात सहज मागे टाकतो. रीलवाला खोटं बोलत नाही बरं का. तो आडनाव सांगतो आणि थांबतो.

समोरच्या घरातून वहिनी केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. "माह्या बहिनीच्या पोरानं घेतला नं असाच," त्या म्हणाल्या, आणि गप्पांना खरा रंग चढला. पोराने पैसे आधी पाठवले, खोकं आठ-दहा दिवसांनी आलं. दिवे लागले, घरादाराने पेढे खाल्ले. मग पोराने टास्क मॅनेजर उघडला, मागोमाग डबाही. प्रोसेसर तोच, २६००. मदरबोर्ड कुठल्याशा नाव नसलेल्या घराचा, ग्राफिक कार्ड जीटी ७३०.

"चार जीबीचं हाय मने पन," वहिनी म्हणाल्या.

असेल. जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड आहे, पडद्यावर चित्र दिसावं एवढ्यासाठी काढलेलं. त्याला चार जीबी लावा नाहीतर चाळीस, त्याचा मूळ जीव वाढत नाही. लोक मात्र जीबी पाहून माल घेतात, कारण जीबी हा एकच आकडा मोबाइलमुळे घराघरात पोचला आहे. खरा फटका तर पुढेच होता. विंडोज १० चा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. २०११ च्या मशीनकडे दोन्ही नाही. जुगाड करून विंडोज ११ चढवलंच, तरी व्हॅलोरंटसारखा खेळ तिथे टीपीएम मागतो आणि दारातूनच परत पाठवतो.

"मंग आता काय करते तो?"

"गानी ऐकते," वहिनी म्हणाल्या. "स्पीकर चांगले हायत."

त्या डब्याच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'गेमिंग' असं स्टिकर आहे म्हणे. नुसतं नाव चिकटवणं आपल्या गावाला नवं नाही. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथेच निजामाने मुबारिजखानाला लढाईत मारलं आणि विजयाच्या भरात गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवून टाकलं. तीनशे वर्षं झाली. एसटीच्या पाटीवर अजून साखरखेर्डाच आहे.

"बरं, खेळायचं काय आहे?" मी बारक्याला विचारलं. कम्प्युटर घेणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. दुकानदार 'बजेट किती' विचारतो आणि बरोबर तेवढ्याला पुरेल असं काहीतरी काढून देतो. खरं तर आधी खेळ, मग पडदा, मग कार्ड, आणि शेवटी बजेट रडतं का हसतं ते पाहायचं, असा क्रम हवा.

बारक्याने यादी दिली. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक टू, जीटीए फाईव्ह. इथवर ठीक. पहिले दोन फार मागत नाहीत, आणि जीटीए फाईव्ह कम्प्युटरवर आला तो २०१५ च्या एप्रिलात. आजच्या बेताच्या कार्डावरही छान पळतो. मग छाती फुगवून म्हणाला, "आन मेन म्हणजे जीटीए सिक्स."

"जीटीए सिक्सची जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे," मी म्हणालो, "आणि तीही प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी. कम्प्युटरवर कधी येणार, ते कंपनीने सांगितलेलंच नाही."

काकूंचा हात भाजीवरच थांबला. "म्हंजे जो खेळ आलाच नाई, आन आला तरी यावर चालत नाई, त्याच्यासाठी हा साठ हजार मांगून राह्यला व्हता?" बारक्या पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. लाखाच्या दिशेने निघू पाहणारं बजेट त्या एका वाक्याने साठावरच थांबलं. पोरांचे बरेच खर्च हे न आलेल्या खेळांसाठी असतात, हे आईबापांनी लक्षात घ्यावं.

काकूंची दुसरी शंका रास्त होती. "त्यात रमी-बिमी नाई नं?" कुणाच्या तरी जावयाने ऑनलाइन रमीत मोटरसायकल घालवली, ही कथा त्यांनी मला पूर्वीच सांगितली होती, दर वेळी मोटरसायकलची कंपनी बदलून. त्यांना सांगितलं की पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून मान्यता आहे.

"आणि काकू, गेम म्हणजे नुसता टाइमपास असंही नाही. आपल्या पुण्यात बनतात. नोडिंग हेड्स नावाच्या पुण्याच्या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी' काढला, दुर्गा आणि विष्णूच्या कथांवरचा, तो जगभर विकला गेला. 'इंडस' नावाचा मोबाइलवरचा खेळ पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये आणला. युबीसॉफ्टसारख्या फ्रेंच कंपनीचं पुण्यात ऑफिस आहे. आणि परम महासंगणक ज्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये उभा राहिला ते विजय भटकर तर आपल्या अकोला जिल्ह्यातले, मुरंब्याचे."

"मंग त्यानं बनवाव नं," काकू म्हणाल्या. "खेळते काहून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारक्याकडेही नव्हतं.

लॅपटॉपचा विषय वहिनींनी काढला. तो काढायलाच हवा होता. लॅपटॉपला बॅटरी असते, लाईट गेली तरी खेळ चालू राहतो, होस्टेलला नेता येतो. पण साठ हजारांत लॅपटॉपमधलं कार्ड त्याच नावाच्या डेस्कटॉप कार्डापेक्षा अंगाने बारीक असतं, उन्हाळ्यात तापतं, आणि दोन वर्षांनी नुसतं कार्ड बदलू म्हटलं तर बदलता येत नाही. बारक्या होस्टेलला जाणार नाही. विषय संपला.

मग प्रश्न उरला, कंपनीचा तयार डबा घ्यायचा की दुकानातून आपल्या पसंतीने जुळवून घ्यायचा. एचपीचा व्हिक्टस, लेनोव्होचा लॉक, एसरचा नायट्रो असे कंपन्यांचे तयार डबे मिळतात. त्यांत अस्सल विंडोज असतं, एकच वॉरंटी, एकच फोन नंबर. काकांसारख्या माणसाला, ज्यांना भानगड नको असते, ते बरं. पण त्यात काय काय भरायचं ते कंपनी ठरवते. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच तयार डब्यांत मदरबोर्ड आणि एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारं खोकं, त्यांच्या स्वतःच्या मापाचे असतात. उद्या मोठं कार्ड घालायचं म्हटलं की आधी एसएमपीएस अडतो, मग जागा अडते. रॅमची बहुधा एकच पट्टी असते. सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माल येतो आणि खेळ अडखळत नाही. हे दुकानदाराला माहीत असतं. विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

दुकानातून जुळवून घेणं म्हणजे पूर्वी मुंबईचा लॅमिंग्टन रोड. त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पार्ट घ्यायला निघालेला माणूस ते नाव घेत नाही. तिथल्या प्राइमएबीजीबीसारख्या दुकानांच्या किंवा कोलकात्याच्या एमडी कम्प्युटर्सच्या वेबसाइटवर आज एकेक पार्ट निवडून किंमत पाहता येते. सांगितलं तर जोडून, चालवून पाहून खोकं कुरिअरने धाडणारीही दुकानं आहेत. काहीच विकत घ्यायचं नसलं तरी अशा दोन वेबसाइटवर यादी मांडून पाहावी. गावाकडच्या दुकानदाराने सांगितलेला भाव कितपत खरा, ते घरबसल्या कळतं.

"पन कोलकात्याहून आनला आन बिघडला तं?" वहिनी.

काकूंनी यावर जो निकष सांगितला तो मी कुठल्याच तज्ज्ञाकडून ऐकला नव्हता. "ज्याच्या दुकानात एसटीनं जाऊन भांडता येते, त्याच्याकडूनच घ्याव." चिखली, मेहकर, जालना, फार तर छत्रपती संभाजीनगर किंवा अकोला. दोन पैसे जास्त जातील, पण काकू दुकानात जाऊन बसल्या तर वॉरंटीचा पार्ट संध्याकाळपर्यंत मिळेल, याबद्दल मला शंका नाही.

जुळवून घेतलेल्या मशीनला सरसकट वॉरंटी नसते, एकेका पार्टची वेगळी असते. खोक्यातून आलेल्या प्रोसेसरला तीन वर्षं, कार्डाला बहुधा तीन, चांगल्या एसएमपीएसला तीन ते पाच, रॅमला त्याहून जास्त. 'ट्रे'मधला सुटा प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्याच्या वॉरंटीला दुकानदाराच्या शब्दापलीकडे आधार नसतो. आणि हे सगळं बिलावर चढलं असेल तरच. एका दुकानदाराने बारक्याला फोनवर सांगितलं होतं, बिल नको म्हणा, अठरा टक्के वाचतील. साठ हजारांच्या मालात जीएसटीचे नऊ हजारांवर जातात हे खरं, त्यामुळे मोह होतो. पण बिल गेलं की वॉरंटी गेली, आणि बिलावर नुसतं 'गेमिंग पीसी, नग १' लिहिलं असेल तर ते बिलही गेल्यातच जमा. प्रत्येक पार्टचं नाव, नंबर, सिरियल नंबर बिलावर यायला हवा. हे मी काकूंना तीनदा सांगितलं. बाकी विसरलात तरी चालेल, म्हटलं.

मग बारक्याने वही काढली आणि साठ हजारांची वाटणी सुरू झाली. सर्वांत मोठा वाटा कार्डाचा, जवळजवळ एक तृतीयांश. पोराच्या यादीत प्रोसेसर मोठा आणि कार्ड बारकं होतं. बहुतेक पोरं हेच करतात, कारण दिवाणखान्यात आय-सेव्हन सांगायला बरं वाटतं. खेळायच्या मशीनला सहा कोअरचा साधा प्रोसेसर पुरतो: रायझन ५ ५५००, ५६००, नाहीतर आय-फाईव्ह १२४००एफ. तो शेवटचा 'एफ' पाहून घ्यायचा. एफ म्हणजे त्यात स्वतःचं चित्र दाखवायची सोय नाही, कार्ड लावल्याशिवाय पडदा काळा. रायझन ५५०० आणि ५६०० चंही तेच.

"पाण्यानं थंड होनारा घ्यायचा हाय," बारक्या मध्येच म्हणाला.

"नळाले पानी कवा येईल त्याचा पत्ता नाई," काकू म्हणाल्या, "आन याच्या कम्प्युटरले पानी पायजे." ते पाणी आतल्या आत फिरतं, रोज भरावं लागत नाही, हे मी सांगितलं नाही. कारण निकाल बरोबर होता. या प्रोसेसरसोबत खोक्यात पंखा येतो आणि तो पुरतो.

कार्डाचं जरा चाललं. आरटीएक्स ३०५० की आरएक्स ६६००? नुसत्या खेळाला ६६०० सरस आहे, हे मी आधीच मान्य केलं. पण ते तीन-चार हजारांनी महाग होतं, शिवाय १३२ वॅट खातं. ३०५० चं सहा जीबीवालं रूप ७० वॅटवर चालतं, त्याला वेगळी वायरही लागत नाही, आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करताना एनव्हिडियाचं कार्ड काम लवकर उरकतं. इथेही एक खोच आहे. ३०५० नावाची दोन कार्डं बाजारात फिरतात. २०२२ चं आठ जीबीचं आणि २०२४ चं सहा जीबीचं. वाटतं फरक दोन जीबीचा. प्रत्यक्षात आतले कोअरही २,५६० वरून २,३०४ वर आलेले आहेत. नाव तेच ठेवलंय. म्हणून सहाला सहाचाच भाव द्यायचा.

जुनं कार्ड घ्यावं का, हेही निघालं. आरएक्स ५८० नावाचं २०१७ सालचं कार्ड कवडीमोलाने मिळतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचं खाणकाम बंदच केलं आणि रात्रंदिवस राबलेली हजारो कार्डं जगभरच्या बाजारात आली. त्यातली बरीच पुसूनपासून 'रिफर्बिश्ड' म्हणून विकली जातात. ओळखीच्या माणसाचं, डोळ्यांसमोर चालवून पाहिलेलं असेल तर घ्यावं. रीलवरचं घेऊ नये.

रॅमपाशी वही अडली. २०२५ च्या सुरुवातीला तीन-साडेतीन हजारांना मिळणारी सोळा जीबीची जोडी वर्ष संपता संपता दुपटीच्याही पुढे गेली. मी कारण सांगितलं: एआयच्या डेटा सेंटरना मेमरी इतकी लागते की कारखाने तिकडेच वळले. मायक्रॉनसारख्या कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा 'क्रुशियल' हा ब्रँड आम्ही बंद करतो.

"म्हंजे तिकडं यंत्रं बोलाले लागली, म्हनून आमच्या बारक्याची रॅम महाग?" काकूंनी विचारलं. अर्थशास्त्राचं हे वाक्य मी अजून कुठे वाचलेलं नाही. "आन आमचं सोयाबीन तिकडं कोनाले लागत नाई का?"

घरातून काका खाकरले.

आता एक खाचेची गोष्ट. दुकानदाराच्या पहिल्या यादीत एसएमपीएसपुढे नुसतं '५०० वॅट' लिहिलं होतं. कुणाचा, कुठला, काही नाही. डब्याच्या आत लपून बसणारी आणि दिवे नसलेली हीच एक वस्तू असल्यामुळे पैसे इथेच मारले जातात. मी काकूंना एवढंच विचारलं, "विहिरीवरची मोटर किती वेळा जळाली?"

"नका आठवन काढू," काकू म्हणाल्या. रिवाइंडिंगचे पैसे, दाब कमी असताना मोटर चालू करणारा गडी, डीपीवरचा फ्यूज, सगळा इतिहास बाहेर आला. जो दाब मोटर जाळतो तोच घरातल्या प्लगमध्येही येतो, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. ५५० वॅटचा, नाव असलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा एसएमपीएस यादीत चढला आणि बारक्याचे रंगीत पंखे उतरले. सोबत एक हजार व्हीएचा यूपीएस. खेळत बसायला नव्हे. लाईट गेल्यावर पाचेक मिनिटांत काम सेव्ह करून मशीन बंद करायला. अर्थिंग खरं आहे का नुसती वायर भिंतीत खोचलीय, तेही वायरमन बोलावून पाहायला सांगितलं. नव्या घरांतही ते बऱ्याचदा नुसतं खोचलेलंच निघतं.

धुळीचं तर आपल्याकडे विचारूच नका. ऑक्टोबरात मळणीयंत्र सुरू झालं की सोयाबीनचं भूस गच्चीवरच्या कपड्यांपासून दुधाच्या पातेल्यापर्यंत पोचतं. बारक्याला पुढून सगळी काच असलेलं कॅबिनेट हवं होतं. काचेतून हवा जात नाही, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पंख्याचीही हवा गरमच असते. पुढून जाळी, जाळीमागे काढून झटकता येईल असा फिल्टर, एवढं पुरे. फिल्टर झटकायचं काम बारक्याचं, असं काकूंनी वहीतच लिहून घेतलं.

मी एक तडजोडही सुचवून पाहिली होती. यंदा कार्ड घेऊच नये. रायझन ५ ५६००जी घ्यावा, त्यात चित्राची सोय आतच असते. व्हॅलोरंट बरा चालतो, जीटीए फाईव्हही थोडं कमी ठेवून चालतो. कार्ड पुढच्या सोयाबीनला. साठात नवा मॉनिटरही बसला असता. काकूंना हे फार पटलं. बारक्याचा चेहरा पाहून वहिनींनाच दया आली. "पुढच्या सोयाबीनचं कोनी पाह्यलं," त्या म्हणाल्या. हे मात्र कुणालाच खोडता आलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. रायझन ५ ५५००, त्याला साजेसा मदरबोर्ड, आठ-आठची रॅम, पाचशे जीबीची एनव्हीएमई एसएसडी, सहा जीबीचं ३०५०, ब्राँझचा एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट, साधा कीबोर्ड-माउस, यूपीएस. गेल्या सोमवारी काकू आणि बारक्या एसटीने जाऊन ऑर्डर देऊन आले. दुकानदाराने 'गेमिंग पीसी, नग १' असंच लिहायला घेतलं होतं. काकूंनी खुर्ची ओढून घेतली आणि एकेक ओळ वाचून लिहून घेतली. पाच जण मागे ताटकळत होते म्हणे. साठ हजारांत बसलं, पण मॉनिटर सोडून.

तेव्हा साखरखेर्डा, मेहकर, चिखली, सिंदखेडराजा या पट्ट्यात कुणाला चोवीस इंची फुल एचडी मॉनिटर काढायचा असेल तर काकूंकडे निरोप द्यावा. आयपीएस पॅनेल हवं, मागे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट हवं, नुसतं व्हीजीए चालणार नाही. खोकं नसलं तरी चालेल, बिल मात्र पाहिजे.